शेणाचा कांदा, गोणीचा कांदा

श्रावण लागला आणि दिपमालाचा जीव नाकात येऊन बसला. भाकरी थापताना, पाणी भरताना, धुणं वाळत घालताना ती मध्येच थांबायची आणि वास घ्यायची. वारा कांद्याच्या चाळीकडून आला की हातातलं काम हातातच राहायचं. एकदा तर तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली, तरी बाई दारात उभीच.

"सर्दी झायी का वं तुले?" सासूने, वच्छलाबाईने विचारलं.

"नाही अक्का," म्हणून तिने पदराने नाक पुसलं आणि दुसरी भाकरी टाकली.

सर्दी झाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान वास तरी कळला नसता.

चाळ अंगणाच्या पलीकडे होती. बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, वर पत्रा, आणि मधोमध एक ताटी. ताटीच्या डाव्या अंगाला शेणाचा कांदा आणि उजव्या अंगाला गोणीचा. घरात आता कांद्याला हीच दोन नावं पडली होती. त्यामागे बापलेकांचं भांडण होतं. खतावरून भांडण शिंदखेडा तालुक्यात घरोघर चालतं, त्यात विशेष काही नाही. पण या घरात त्या भांडणावर एका बाईच्या सकाळी टांगलेल्या होत्या, आणि हे भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं.

झालं होतं असं. दिपमालाचा नवरा स्वप्नील म्हणायचा, बैल विकून टाकू. नांगरट ट्रॅक्टरने होते, पेरणी ट्रॅक्टरने होते, मग हे दोन बैल वर्षभर पोसायचे कशाला? सासरे, अभिमन आबा, बैलांचं नाव काढलं की पेटायचे. "बैल इकात ते शेन काय दुकानमाईन आनशी?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. शेणखताशिवाय कांदा म्हणजे नुसती पाण्याची पिशवी, असं त्यांचं मत. स्वप्नीलचं मत असं की शेणखतात तणाशिवाय काही नसतं, कांद्याला जे पाहिजे ते सगळं गोणीत मोजून भरलेलं मिळतं.

शेवटी हिवाळ्यात विहिरीवरचं वावर मधून वाटलं. रोपं एकाच वाफ्यातली, पाणी एकाच विहिरीचं. अर्ध्या भागात आबांचं शेणखत, बाकी काही नाही. अर्ध्या भागात स्वप्नीलचं दहा-सव्वीस-सव्वीस खत आणि वर युरियाचे हात. ज्याचा कांदा सरस त्याचं खरं. आबांचा ठरला तर बैल राहतील, स्वप्नीलचा ठरला तर बैल बाजारात जातील.

दिपमाला देवासमोर उभी राहून गोणीच्या बाजूने झाली होती.

ती धुळ्यात वाढलेली. रक्त-लघवी तपासायचा कोर्स तिने धुळ्यातच पुरा केला होता, आणि लग्नानंतर तो कागद ट्रंकेत गेला होता. माघात शिंदखेड्याला नवलसरांच्या लॅबवर ती सासूच्या साखरेची तपासणी करून घ्यायला गेली, तेव्हा बोलता बोलता ते म्हणाले, मला सकाळी माणूस पाहिजे. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक उजाडताच येऊन बसतात. येशील का? तिच्या अंगावर काटा आला होता. पण पहिली एसटी गावातून सुटायची ती नेमकी शेण उचलायच्या वेळेला. घरी विचारलं तर वच्छलाबाई काही वाईट बोलली नाही. म्हणाली, "गोठा रिकामा व्हवू दे, मंग खुशाल जाय. मन्हा गुडघा तू देखसच."

सासूचे गुडघे खरंच गेले होते. आबांचं बैलांवर प्रेम होतं, पण ते बैलांच्या पुढच्या अंगाला. मागच्या अंगाचं सगळं दिपमालाकडे. रोज उजाडता ती वेताचं मोठं टोपलं भरायची, डोक्यावर घ्यायची आणि उकिरड्यावर रिकामं करायची. आबा ज्या शेणखताची ओट्यावर बसून तारीफ करायचे, त्यातली पाटी न् पाटी तिच्या मानेवरून गेली होती. शेणाचा कांदा आणि गोणीचा कांदा यांतला फरक तिला कोणी विचारला असता, तर तिने मान वळवून दाखवली असती.

चैत्रात कांदा निघाला तेव्हा ती जवळजवळ जिंकली होती. स्वप्नीलचा कांदा मुठीत मावत नव्हता. आबांचा लहान, चपटा, थोडा काळपट लाल, आणि संख्येनेही कमी. त्यात तण इतकं माजलं होतं की निंदून निंदून तिचीच बोटं सोलली होती. स्वप्नील मिशीवर ताव देत बांधावर उभा राहिला आणि ती मनातल्या मनात एसटीत जाऊन बसली.

आबांनी स्वप्नीलचा एक कांदा उचलला, त्याची जाड मान अंगठ्याने दाबली आणि खाली ठेवला. "कांदा वावरमा समजस नही," ते म्हणाले. "चाळमाईन निंघस तवय समजस. पोयाले उघाडसूत. तवलोंग कोनी आत हात घालानं नही."

हे मात्र अतिच झालं. चाळीतला कांदा अधूनमधून निवडावाच लागतो, सडका काढावाच लागतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण बापलेक दोघेही असे हट्टाला पेटलेले की कोणी कोणाचा सडका लपवील या भीतीने त्यांनी निवडणंच बंद करून टाकलं. आबांनी चाळीच्या दाराला चांद्या बैलाची जुनी वेसण करकचून बांधली. झालं, पोळ्यापर्यंत कुलूप.

पोळा श्रावणाच्या अखेरीला. नवलसरांना तिने फोनवर सांगितलं, "सर, पोळ्यापर्यंत थांबा." ते म्हणाले, "थांबतो, पण त्यापुढे नाही." तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना.

आणि आता वास येत होता. पहिल्यांदा आला तेव्हा तिने स्वतःला समजावलं की नालीचा असेल. दुसऱ्या दिवशी ती चाळीच्या मागच्या बाजूने गेली, जिथे एरंडाची झाडं होती आणि कोणी फिरकत नसे. डाव्या अंगाला नाक लावलं, नुसता कोरडा वास. उजव्या अंगाला लावलं, तर सडल्याचा उग्र दर्प. तिथली एक पट्टी ढिली होती. तिने हात घातला तर बोटं थेट लिबलिबीत कांद्यात गेली.

दोन-चार काढू, म्हणून तिने सुरुवात केली. सडका कांदा काढण्यात पाप ते काय, असं तिने स्वतःला विचारलं. आपण काही शेणाच्या कांद्यात सडका नेऊन टाकत नाही. एका दुपारी तेही मनात आलं होतं. गळणारा कांदा हातात धरून ती डाव्या अंगाच्या फटीपाशी उभी राहिली, आणि मग स्वतःचीच किळस येऊन मागे फिरली. पण उजव्या अंगाचे सडके काढणं मात्र थांबेना. आज काढले की उद्या आणखी निघत. दुपारी सासूचा डोळा लागला की ही एरंडाआड. हात खांद्यापर्यंत आत, कान अंगणाकडे.

काढलेले कांदे टाकायचे कुठे? नाल्यावर बायका धुण्याला असतात, रस्त्यावर पोरं असतात. सगळ्या गावात एकच जागा अशी होती जिथे तिच्याशिवाय कोणी पाय ठेवत नव्हतं. तिने ते कांदे उकिरड्यावर टाकले आणि वरून शेणाचा थर पसरला.

पावसाने गोठ्यात चिखल झाला होता, म्हणून आबा बैलांना दिवसभर बाहेर निंबाखाली बांधत. निंब उकिरड्याला लागूनच. चांद्याचं दावं लांब, कारण तो आबांचा लाडका. आणि चांद्याला लहानपणापासून कांद्याच्या पातीची चटक. दिपमालाला हे तिन्ही ठाऊक होतं, पण वेगवेगळं ठाऊक होतं. तिन्ही एकत्र मांडायला माणसाचं डोकं ठिकाणावर लागतं, आणि तिचं डोकं तर एसटीच्या थांब्यावर होतं. एका सकाळी चांद्याजवळून शेण ओढताना त्याच्या तोंडाला कांद्याचा वास आला. तिला वाटलं, आपल्याच हातांचा असेल. आजकाल हात कितीही घासले तरी तो जात नव्हताच.

पोळ्याच्या दिवशी घरात खापरावरच्या पुरणपोळ्यांचा घमघमाट होता, आणि तरी दिपमालाचा पाय एका जागी ठरत नव्हता. आबांनी बैलांना नदीवर धुऊन आणलं, शिंगांना हिंगूळ लावला, गळ्यात घुंगरमाळा घातल्या. स्वप्नील चाळीकडे बघून शीळ घालत होता. पूजा झाली की चाळ उघडायची.

वच्छलाबाईने दुसऱ्या बैलाला, मोऱ्याला, पोळी दिली, त्याने गप्पकन खाल्ली. चांद्यापुढे ताट धरलं, त्याने तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं. मग तो तसाच उभ्या उभ्या मुतला, आणि अंगणातल्या रांगोळीवर कोऱ्या चहाच्या रंगाचा ओघळ पसरला.

"नजर लागनी व माय!" वच्छलाबाई ओरडली. "नदीवर बठ्ठा गाव देखी ऱ्हायंता!" ती गुडघे विसरून मीठ-मोहरी आणायला पळाली.

आबांनी चांद्याच्या पाठीवर हात ठेवला. "काल ते बरा व्हता," ते म्हणाले, आणि तेच पुन्हा म्हणाले.

स्वप्नीलने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. डॉक्टर दुसऱ्या गावी होते. लाल लघवी म्हटल्यावर ते म्हणाले, "गोचीड ताप दिसतोय. बऱ्याच ठिकाणी चालू आहे. मी माणूस पाठवतो, तो त्याचं इंजेक्शन देईल. मी उद्या येतो."

दिपमाला पुढे झाली. तिने चांद्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालीचा मागमूस नव्हता, पिवळट पांढरं. त्याने तोंडातून श्वास सोडला आणि तिच्या तोंडावर सडक्या कांद्याचा भपका आला. या वेळी तिचे हात हळदी-कुंकवाचे होते, कांद्याचे नव्हते.

तिला सगळं एका क्षणात कळलं, आणि पहिल्यांदा तिला पळून जावंसं वाटलं. एसटी नको, लॅब नको, धुळ्याला आईकडे. गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. गोचीड तापाचं इंजेक्शन होईल, बैल दोन-चार दिवसांनी मरेल, आणि दोष गोचिडांचा नाहीतर नजरेचा. गोठा तर रिकामाच पाहिजे होता ना तिला? हा विचार मनात आला आणि तिला आपलीच भीती वाटली.

"डॉक्टर," ती फोनकडे वाकून म्हणाली. "त्याने कांदे खाल्लेत. सडके. बरेच दिवस खात असणार."

"कांदे? नक्की?"

"नक्की. मीच टाकले होते. उकिरड्यावर."

"मग इंजेक्शन देऊ नका कोणी," डॉक्टर घाईने म्हणाले. "कांद्याने रक्त फुटतं जनावराचं. बरं झालं सांगितलंत. मीच निघतो. तोवर दुसरा बैलही तिथून हलवा."

फोन बंद झाला.

"कुठले कांदे?" स्वप्नीलने विचारलं.

तिने चाळीच्या उजव्या अंगाकडे बोट केलं. "तुमचे. महिनाभर काढतेय मागच्या फटीतून. गोणीचा कांदा जिंकावा म्हणून."

"म्हणजे माझा कांदा सडला?" स्वप्नील म्हणाला. बैल समोर थरथरत होता, बायको समोर रडत होती, आणि या गड्याला आधी कांदा दिसला. पुढे कित्येक वर्षं हे वाक्य त्याला घरात ऐकवलं गेलं, आणि ते त्याला लागायलाच पाहिजे होतं.

"बैलना जीववर उठनी व तू!" वच्छलाबाईच्या मुठीतलं मीठ खाली सांडलं. "तुन्हं काय खादं व्हतं त्यानी?"

"काही नाही अक्का," दिपमाला हुंदका देत म्हणाली. "मला फक्त सकाळी जायचं होतं."

आबांनी दोन्ही बैल गोठ्यात नेऊन बांधले, अंगातला नवा सदरा काढून खुंटीला लावला आणि उकिरड्याकडे गेले. हातांनीच शेण उपसायला लागले. दिपमाला मदतीला धावली तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. वरच्या थराखालून काळे, गळके कांदे निघत होते. ते सगळे टोपल्यात भरून आबांनी टोपलं डोक्यावर घ्यायला उचललं, आणि ते छातीपर्यंत येऊन थांबलं. त्यांनी खाली ठेवलं, अर्धं रिकामं केलं, पुन्हा उचललं. वेशीबाहेरच्या खड्ड्यापर्यंत किती खेपा झाल्या कोण जाणे. गाव मिरवणुकीत नाचत होतं आणि आबा सणाच्या दिवशी घामाने निथळत शेण वाहत होते. ओट्यावरून बघणाऱ्या दिपमालाला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर हायसं वाटलं असतं.

डॉक्टर दुपारी आले. सलाईन लावलं, औषध दिलं, मानेच्या शिरेतून रक्त काढून नळीत भरलं. "रक्त किती उरलंय ते कळलं पाहिजे, म्हणजे पुढचं ठरवता येईल," ते म्हणाले. "सरकारी लॅबला आज-उद्या सुट्टी. पण एवढं माणसांच्या लॅबवरही होतं. उद्या सकाळी पहिल्या गाडीने कोणी घेऊन जाईल का?"

नळी फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे उभी करून ठेवली.

संध्याकाळी स्वप्नीलने स्वतःच दाराची वेसण सोडली. ताटीच्या डाव्या अंगाला हात घातला की कांदा खळखळ वाजत होता, वरची साल कागदासारखी सुटत होती. उजव्या अंगाला दर्शनी बाजू साफ, आणि जिथे दिपमालाचा हात पोहोचला नव्हता तिथे ढिगाच्या पोटात नुसता चिखल. दोष युरियाचा की तो उशिरापर्यंत देत राहण्याचा, यावर स्वप्नील नंतर डॉक्टरांशीही वाद घालत बसला, पण आवाजात जोर नव्हता. आबा जिंकले होते. ते चाळीकडे फिरकलेही नाहीत. चांद्याच्या गळ्याखाली हात घालून गोठ्यात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दिपमाला सवयीने उठली आणि टोपलं घेऊन गोठ्याच्या दारात गेली. हरलेल्या माणसाने निदान कामात चूक करू नये, एवढंच तिच्या मनात होतं. आबा आधीच आत होते. त्यांनी तिच्या हातातलं टोपलं काढून घेतलं.

"बस चुकी जाई तुन्ही," ते म्हणाले. "रगतनी नळी लई जाय. शेनले मी देखी लेसू."

ती नळी पदरात धरून धावत सुटली.

लॅबच्या बाकावर उपाशी माणसं जांभया देत बसली होती. पोळा झाला होता आणि नवलसर एकटेच सगळ्यांच्या दंडांना रबर बांधत होते. "बैलाचं?" नळी बघून ते हसले. "माझ्या मशीनला वाईट वाटेल. तूच लाव, माझे हात मोकळे नाहीत." तिने हात धुतले. इतक्या काळानंतर बोटं चाचपडतील असं वाटलं होतं, पण बोटांना सगळं आठवत होतं. चांद्याचं रक्त निम्म्यावर आलं होतं. आकडा तिने डॉक्टरांना फोनवर सांगितला. ते म्हणाले, "वाचेल. थोडक्यात वाचला. आठवड्याने परत तपासू." ती तिथेच स्टुलावर बसली आणि भडभडून रडली. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने तिला स्वतःचं पाणी दिलं. मग ती उठली आणि त्याच म्हाताऱ्याच्या दंडाला रबर बांधलं. बाक रिकामा होईपर्यंत ती थांबली.

घरी आली तेव्हा ऊन चढलं होतं. आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. धोतर शेणाने माखलेलं, टोपी मागे सरकलेली, एक हात मानेवर. टोपलं पायाशी पडलं होतं.

"कसं शे रगत?"

"कमी आहे. पण वाचेल म्हणाले."

आबांनी डोळे मिटून घेतले. वच्छलाबाई दारातून ऐकत होती, ती तशीच आत गेली. मग आबांनी विचारलं, "उद्या परत जानं शे का तुले?"

खोटं बोलायचा तिला आता कंटाळा आला होता. "चांद्यासाठी आठवड्याने," ती म्हणाली. "पण मला रोज जायचंय, आबा."

आबांनी मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे वळवली, आणि दुखरी शीर अंगठ्याने दाबत टोपल्याकडे बघितलं.

"मंग उद्या येतांना एक लहान टोपलं लई ये," ते म्हणाले. "हाई माले जड व्हस."